ताटलीतलं औषध

राणीसावरगाव

प्रिय त्रिवेणीअक्का,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन लागला की आप्पा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतात. हात थरथरतात, पण कान अजून तिखट आहेत.

गेल्या महिन्यात तू फोनवर सांगितलंस, की प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर तुमचं रसायन टाकलं आणि त्या जास्त डोपामाइन बनवायला लागल्या. आप्पांच्या मेंदूत जे कमी पडून कंपवात झालाय, तेच. ताटलीतून माणसापर्यंत यायला कैक वर्षं लागतात, कदाचित येणारही नाही, हेही तू सांगितलंस. पण तोवर आप्पा उठून पारावर पोचले होते! दुसऱ्या दिवशी सुलाबाई विचारत आली, ते औषध गुडघ्याला चालतं का म्हणून. अर्धं गाव तू बरं करून टाकलंयस, अक्का. तेव्हा मला हसू आलं होतं.

तुला आठवतं, पूजेला बसले की आप्पांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग असायचं आणि आपण दोघं मुद्दाम खोकायचो, तरी तो हात हलायचा नाही? गोळ्यांमुळे आजारातही पूजेपुरता थांबायचा. परवा लिंग निसटलं. आईनं पदरात झेललं म्हणून जमिनीला लागलं नाही. आधाराला मी हात पुढे केला, तर "माझं लिंग मलाच धरू दे" म्हणाले. पूजा झाल्याशिवाय ते पाणीही घेत नाहीत, आणि पूजा काही होत नाही. दुपार कलते. आई स्वयंपाक झाकून नुसती बसून राहते, मी दाराशी.

काल अंथरूण झाडताना उशीखाली गोळ्या सापडल्या, पुष्कळ. विचारलं तर म्हणाले, "लेकीचं औषध यायलंय की. मग ह्या कशाला गिळायच्या?" आज परभणीच्या डॉक्टरांनी फोनवर समजावलं, आई रडली, मी पाया पडलो, तरी गोळी घेत नाहीत. तू खरं सांगितलंस तरी "पोरगी दमलीय, म्हणून असं बोलायलीय" एवढंच म्हणतील.

लहानपणी मी खोटं बोललो की तू कान पिळायचीस. आज मीच तुला खोटं बोलायला सांगतोय. अक्का, ये. येताना एक नवी कोरी बाटली आण आणि तिच्यावर तुझ्या अक्षरात आप्पांचं नाव लिही. गोळ्या इथे आहेत. त्याच भरू.

तुझाच,
शिवकांत