ओट्याखालचे सहा ड्रॉवर

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुतार आजही आला नाही! फोनवर म्हणे, "निघालोच आहे." परवाही निघालाच होता. ड्रॉवरची सहा खोकी हॉलमध्ये टाकून गेला, त्यांत चॅनलची, म्हणजे ड्रॉवर सरकायच्या पट्ट्यांची पुडकी. रोज त्यांना ठेचकाळतो आणि त्याच्या नावाने बोटं मोडतो.

वेळ कुठे आहे इथे? पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, बायकोला हॉस्पिटलमधून सोडणार. पाठीचं ऑपरेशन नीट झालं, पण पायांत जोर कधी येईल, किती येईल, डॉक्टर सांगत नाहीत. तोवर व्हीलचेअर. आणि मेव्हणा टपून बसलेला! "भावजी, ताईला आमच्याकडेच नेतो. तळमजला आहे. तुमच्या त्या खोल कपाटांत खुर्चीवरून तिचा हात तरी पोचेल का?" गोड बोलून माझी बायको घेऊन चाललाय. आणि ती? ती एवढंच म्हणाली, "आधी घर बघते. मग ठरवते."

ठरवते म्हणजे काय? स्वतःच्या घरी यायचं की नाही, हे ठरवायचं असतं?

ड्रॉवर मीच बसवणार. दोन पट्ट्या आणि चार स्क्रू, त्यात काय एवढं!

१२ नोव्हेंबर, बुधवार

ओट्याखालची कपाटं रिकामी केली. भांडी आधी टेबलावर, मग खुर्च्यांवर, शेवटी पलंगावर. निम्मी मी आयुष्यात प्रथमच पाहिली. तिला फोन केला — "अगं, हे भोकाभोकाचं पसरट काय आहे?"

"चाळणी."

"दोन आहेत."

"दोन लागतात." आणि तिने विचारलं, "सगळं काढून ठेवलंत, मग जेवताय काय?"

"शेजारच्या काकूंचा डबा येतो की. मजेत आहे मी!"

"हं," म्हणाली. फोन ठेवला. हल्ली तिचं हे 'हं' मला समजत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला चॅनल उलटा बसला. पुढची बाजू मागे! ड्रॉवर आत जाईचना. दहा मिनिटं प्लायला शिव्या घातल्या — नाचता येईना अंगण वाकडं. सगळं काढून पुन्हा लावलं, तर डावी पट्टी उजवीपेक्षा किंचित वर. ड्रॉवर निम्मा गेला आणि तिरका होऊन अडकला. ओढून काढताना अंगठा सोलला.

सुतार: "उद्या नक्की."

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाणसळ विकत आणली. आता काचेतला बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय ड्रिलला हात लावत नाही. पट्टीची जागा आधी पेन्सिलीने आखायची, एकच स्क्रू अर्धवट पिळायचा, ड्रॉवर सरकवून बघायचा, मगच बाकीचे. हे मला शाळेतल्या भूमितीच्या सरांनी शिकवलं असतं तर मी नापास झालो नसतो.

पण नवीनच भानगड! ड्रॉवर बाहेर येताना कपाटाच्या दाराच्या बिजागरीला ठोकर खातो. दार पूर्ण उघडतच नाही. संध्याकाळभर विचार केला, आणि शेवटी दारंच काढून टाकली. सगळी! बिनदाराची कपाटं ओकीबोकी दिसतात. दिसू देत.

१६ नोव्हेंबर, रविवार

चालला!! पहिला ड्रॉवर चालला! बोटाने ढकलला तर स्वतःच आत गेला, शेवटी हळू झाला, आवाज न करता मिटला. पंचवीस वेळा तरी उघडून मिटून पाहिला. काकू डबा द्यायला आल्या, त्यांना धरून आणून दाखवला. "बाई सुखी झाली हो तुमची!" म्हणाल्या. वर, "आमचा एक ड्रॉवर कधीचा अडकतोय, बघाल का?" हात दाखवून अवलक्षण!

हॉस्पिटलात तिला मात्र सांगितलं नाही. एकदमच बघू दे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तीन झाले. मग ऑफिसची चाकांची खुर्ची स्वयंपाकघरात आणली आणि ती बसेल तसा बसलो. सगळ्याला हात पोचतोय. मी खूश. आणि दुपारी हॉस्पिटलात तिची व्हीलचेअर पाहिली. त्या खुर्चीला पुढे पाय ठेवायच्या पट्ट्या आहेत! ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की ही खुर्ची मागे सरणार कुठे? मागे फ्रिज. गुपचूप टेप काढून मापं घेतली.

"काय मोजताय?"

"काही नाही गं. सहज."

"सहज कुणी खुर्ची मोजतं का?" हसली. किती तरी दिवसांनी हसली! जिन्यावरून उतरताना मला रडू आलं. हे घर तिच्याशिवाय मला सोसत नाही. तिच्यासमोर कधी म्हटलेलं नाही, इथे लिहितो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फ्रिज हॉलमध्ये. एकट्याने ढकलला. आता टीव्ही बघायचा तर मान वाकडी करून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मेव्हण्याचा फोन. त्यांच्याकडे बाथरूममध्ये धरायला दांडे लावून झाले. पलंगही आणला. "तुमचं कुठवर आलं, भावजी?"

"झालंच आहे," म्हणालो. अगदी सुतारासारखं! दोन बाकी आहेत. एकाचा स्क्रू प्लायच्या पलीकडे निघालाय. जिवाला स्वस्थता नाही. जेवताना उठून ड्रॉवर बघून येतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सहाही झाले. दुपारभर सामान लावलं. शेगडीजवळच्या ड्रॉवरमध्ये मीठ, तिखट, तेल. त्याखाली कढया. सिंकजवळ सुऱ्या, ताटं, वाट्या. सगळ्यात खाली धान्याचे डबे, जड म्हणून. दोन्ही चाळण्या समोरच! खुर्चीत बसून खोटाखोटा अख्खा स्वयंपाक करून पाहिला. चिरायचं, फोडणी द्यायची, वाढायचं — एकदाही उठावं लागलं नाही. उंचावरच्या फळ्यांवरचंही सगळं खाली आणलं. ओटा तेवढा उंच आहे, तर चिरायला सिंकशेजारी गुडघ्यांच्या जरा वर येईल असं सरकतं फळकूट बसवलं. त्यालाही चॅनलच!

आता बघू मेव्हणा काय म्हणतो. हे सोडून ती जाईल कुठे?

२३ नोव्हेंबर, रविवार

आली. सहाही ड्रॉवर एकेक करून उघडले, मिटले. एकही अडला नाही. मेव्हणासुद्धा म्हणाला, "मानलं, भावजी!" तिने माझा सोललेला अंगठा पाहिला, त्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "खुर्चीत बसून सगळं करून पाहिलंत?"

"हो तर! न उठता अख्खा स्वयंपाक होतो."

"मग तुम्हीच करा ना. तुम्हाला तर उठताही येतं."

रागाने नाही म्हणाली. चेष्टाही नव्हती. ती वाट बघत होती आणि मी चाळण्यांचा ड्रॉवर पुन्हा एकदा उघडून मिटला. मग तिने भावाला खुर्ची वळवायला सांगितलं. बॅग मी खाली नेऊन त्यांच्या गाडीत ठेवली.