कुंकवाचं ताट कुणापुढं

२४ जानेवारी १९५७
जमलं! महिला मंडळाच्या उद्घाटनाला दारात उभं राहायचा मान मला मिळाला. नागपूरच्या मोठ्या बाई तिरोड्याला येणार. मंडळाच्या अध्यक्ष अनुसयाबाई म्हणाल्या, "प्रेमिला, तू सातवी शिकलेली, तुलेच जमन." आधी कुंकू, मग मनगटाला अत्तर, मग गुलाबपाणी, मग फूल. आणि हसायचं, पण दात दाखवायचे नाहीत! संध्याकाळी आरशापुढे तसं हसून पाहिलं. ह्यांनी पाहिलंच. "पोट दुखून राहिलं का?" म्हणे.

२५ जानेवारी
माहेरी बोदलकसाला मायला निरोप धाडला — येच म्हणून. बाबा गेल्यापासून दोन वर्षं कुणाच्या कार्याला गेली नाही. लेकीचा थाट तरी पाहील.

२६ जानेवारी
गुलाबदाणी गळते! मंडळातल्या शामकलाचं पोलकं भिजलं.

२७ जानेवारी
लिहवत नाही. तरी लिहिते.

नागपूरच्या बाई सगळ्यांच्या आधी आल्या. पांढरी खादी, मोकळं कपाळ — शिकलेल्या बाया लावत नसतील, म्हटलं. मी कुंकू लावलं, अत्तर लावलं. "छान वास आहे," म्हणाल्या. मी फुगलेच! मग गावातल्या बाया आल्या, तहसीलदारीणबाई आल्या. तेवढ्यात बैलांच्या बंडीतून माय उतरली. धुतलेलं पांढरं लुगडं, फडक्यात लाखोळीची कोवळी पालेभाजी. मी अत्तरदाणी घेऊन पुढे झाले, तर अनुसयाबाई कानाशी — "तुही माय असन, पण शुभ कार्य आहे. दारात विधवा बाई नको. मांगच्या दारानं येऊ दे तिले."

आणि मी वळले. तहसीलदारीणबाईंवर दुसऱ्यांदा गुलाबपाणी शिंपडलं. मायला जणू ओळखतच नाही! हाताच्या अंतरावर होती. तिला सगळं समजलं. "तू तुहं काम कर बाई, मी बसतो कोठं बी," म्हणाली आणि स्वतःच बाजूला झाली.

भाषणं तिनं बाहेर बंडीत बसून ऐकली. कार्यक्रम संपल्यावर धावत गेले, तर निघून गेली होती. पायरीवर भाजी ठेवलेली.

कुंकू राहू दे, अत्तर तरी लावायचं होतं. तेवढंही सुचलं नाही, असं लिहिणार होते. सुचलं होतं. हिंमत झाली नाही. लाज वाटते, लाज!

२८ जानेवारी
भाजी केली. हे म्हणाले, "माय थांबली काऊन नाही?" घाई होती म्हटलं.

३ फेब्रुवारी
बोदलकसाला जाऊन आले. वाटलं होतं माय चार शिव्या देईल, मोकळी होईन. कुठलं! "का झालं त्यात? रीत आहे ते." पाय धरले तर म्हणाली, "ऊठ, धान कांडाचा आहे." दोघींनी मिळून कांडलं. बोलणं सगळं शेजारच्या म्हशीचं. निघताना विचारलं, शिवरात्रीला येशील ना माझ्याकडे? "पाहू," म्हणाली. मायचं "पाहू" म्हणजे नाही. लहानपणापासून ठाऊक आहे मला.

रीत आहे, रीत आहे — वाटभर तेच घोकत आले. तेवढाच आधार.

६ फेब्रुवारी
अनुसयाबाई रस्त्यात भेटल्या. काम छान केलंस म्हणाल्या. मान वर करता आली नाही.

११ फेब्रुवारी
मंडळाची सभा अनुसयाबाईंकडे होती. बोलता बोलता सहज म्हणाल्या — नागपूरच्या बाई बालविधवा आहेत. मी विचारलं — तुम्हाला ठाऊक होतं? "त मंग! साऱ्या नागपूरले ठाऊक आहे. येवढ्या मोठ्या बाईले का मांगच्या दारानं नेऊ?"

म्हणजे रीतही नव्हती. माझी माय मोठी बाई नव्हती, एवढंच. आणि ते दारात मीच तिला सांगितलं.