हात आपोआप जुळतात

मुंबई

तीर्थरूप आबांना अंगदचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. मी ठीक आहे. जेवण वेळेवर मिळतं. कानात औषध टाकता ना?

मृण्मयीताईंनी बसवलेल्या संगीताचा कार्यक्रम उद्या आहे. व्हायोलिनवाले एका लयीत, ट्रम्पेटवाले दुसऱ्या आणि पखवाज तिसऱ्याच लयीत, सगळं एकाच वेळी वाजतं. सूर एकमेकांवर आदळलेच पाहिजेत, असं ताईंचं म्हणणं.

पण पखवाजावर माझे हात व्हायोलिनच्या लयीकडे ओढले जातात. भजनात तुम्ही पुढे धावलात की मी ठेका सावरून तुम्हाला गाठायचो, तीच सवय. ताई म्हणायच्या, "अंगद, भांड त्यांच्याशी." व्हायोलिनवाले काका हसायचे, "हा कसला भांडतोय, हा तर सोयरीक जमवतो." मीही हसायचो. खूप प्रयत्न केला, आबा. काल ताईंनी माझा पखवाज दुसऱ्याला दिला. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा यंदा ऊसतोडीला मीही येतो. मुकादमाला माझं नाव सांगा. जोडीला कोणी नाही, एकट्याचा अर्धा कोयता धरतील, अर्धीच मजुरी देतील, चालेल. आईला एवढ्यात कळवू नका. तिने माझ्या कार्यक्रमाचं गावभर सांगून ठेवलं असेल.

आज तालमीला कोपऱ्यात बसलो होतो. समोर सगळे सूर एकमेकांवर आदळत होते आणि माझी बोटं मांडीवर त्यांना जुळवत होती.

आईला नमस्कार, रोहिणीला आशीर्वाद.

तुमचा,
अंगद