अप्पांची स्टेपनी

४ मार्च १९४४, शनिवार

आली! माहेरी तेरा वर्षं जिचं नाव कुणी काढलं नाही, ती मोटार आज माझ्या सासरच्या दारात उभी आहे.

ह्यांनी आणली. कागदावर नाव घ्यायला काय हरकत — शिवलिंगप्पांनी! जागीरदार वारले, वारसांनी तबेला विकायला काढला. लोकांनी घोडे घेतले, बग्गी घेतली. आमच्या तेलाच्या घाण्याच्या मालकांनी घेतली ही — दोनच माणसांची, विलायती, शर्यतीत पळवायची मोटार. नळदुर्गात! "कुणी घेत नव्हतं म्हणून स्वस्तात पडली," म्हणाले. स्वस्त हा शब्द ऐकला की ह्यांना पुढचं काही ऐकू येत नाही.

पण काय आहे ती! नाक एवढं लांब की पुढून बघितलं तर बसलेला माणूस कुठल्या कुठं दिसतो. हिरवा रंग. दिवे परातीएवढे. चाकं तारांची, उन्हात नुसती लखलखतात. इंजिन चालू केलं तेव्हा ओट्याची फरशी माझ्या तळपायाखाली थरथरली. अर्धी गल्ली जमली, पण हात लावायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी सासूबाईंनी, अत्याबाईंनी, पुढं होऊन तिच्या नाकावर विभूतीची तीन बोटं ओढली, तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला.

मग मी मागच्या बाजूला गेले. स्टेपनी अडकवायचा लोखंडी हात रिकामा. त्याला चामड्याच्या पट्ट्याचा वीतभर तुकडा अजून लोंबतोय.

तो बघितला आणि मी स्वयंपाकघरात निघून आले.

५ मार्च

इथं लिहूनच टाकते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

अप्पा, म्हणजे माझे वडील, जागीरदारांचे ड्रायव्हर होते. ही मोटार मुंबईहून त्यांनीच चालवत आणली. १९३१च्या श्रावणात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडून रिकामी परत आणताना तिची स्टेपनी वाटेत पडली. अप्पा म्हणाले, पट्टा तुटला. जागीरदार म्हणाले, पट्टा कापलाय, चाक विकून खाल्लंस. दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. त्यानंतर अप्पांच्या हाती कुणी मोटार दिली नाही. जळकोटात आमच्या घराला अजून 'चाकवाल्याचं घर' म्हणतात.

हे मामंजींना माझं लग्न झाल्यावर कळलं. नऊ वर्षं झाली. व्याह्यांना एकदाही त्यांनी शरणार्थी, आमच्यातला नमस्कार, सांगून पाठवली नाही.

आज जेवताना म्हणाले, "स्टेपनी लागल्याबिगर ही गाडी बोरीच्या पुलापल्याड जायची न्हाय. रस्त्यात टायर बसला तर काय बैल जुपणार?" हे म्हणाले, बघतो कुठं स्वस्तात मिळते का. तर मामंजी भाकरी मोडत हळूच म्हणतात, "कुठं गेली ते सुनंच्या माहेरीच इचारा की."

मी वाढत होते. वाढतच राहिले. 

स्टेपनी मिळाली पाहिजे. आणि खरं सांगू? मला कुठलीही नको. मला तीच पाहिजे. वेडेपणा आहे, कळतंय.

९ मार्च

हे सोलापूरला जाऊन आले. नवा टायर नाहीच! जपान्यांनी रबराचा मुलूख घेतल्यापासून टायरला परवाना लागतो — डॉक्टर, लष्कर, प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी, बास. चोरून मिळतो, पण त्या पैशात दुसरी मोटार येईल. मग भंगारातून एक जुना आणला. करोडगिरीच्या, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीच्या, नाक्यावर त्यासाठी तासभर हुज्जत घातली. केवढ्या रुबाबात उतरवला अंगणात!

मोटारीच्या मागं धरून बघितला, तर मोटारच दिसेना. लॉरीचा निघाला. ह्यांनी सुतळीनं बाहेरून माप घेतलं होतं. टायरचं माप आतून लागतं. हे मला ठाऊक होतं, अप्पांच्या मागं मागं फिरलेली मी. पण मला विचारतो कोण?

हसू आवरेना म्हणून परसात गेले.

१२ मार्च

लॉरीच्या टायरात मांजर व्याली. तीन पिल्लं.

१९ मार्च, रविवार

जळकोटला जाऊन आले. अप्पा खूप थकलेत. हल्ली दिवस विसरतात, जेवलो की नाही ते विसरतात. मोटार आमच्या दारात आहे म्हटल्यावर माझ्याकडे कूस वळवली. मग म्हणाले, "तिसऱ्याला कुरकुरती का आजून?"

मी म्हटलं, ह्यांना तिसरा टाकताच येत नाही. तर अप्पा खाटेवर नीट बसले. उजवा हात मांडीजवळ नेला, डावा पाय हळू दाबला, आणि हाताशी काही नसताना सगळे गियर मला एकेक करून दाखवले. तेरा वर्षांत त्या हातांनी मोटारीला स्पर्श केलेला नाही! पण कुठं थांबायचं, कुठं ढिला सोडायचा — सगळं हातात जसंच्या तसं. मी बघतच राहिले. जेवण विसरणारा माणूस हे विसरलेला नाही.

धीर करून विचारलं, "अप्पा, चाक कुठं पडलं होतं?"

"वाशीच्या अलीकडं. वढा हाय एक. पाणी लई हुतं त्या दिशी."  खाटेची सुतळी ओढत बसले. "तितंच पडलं आसंल. कुणाला ठावं, बाई."

असं कसं बोलतात? पूर्वी ठासून सांगायचे. वयच झालं, दुसरं काय.

२३ मार्च

हे वाशीच्या बाजाराला निघालेत, करडई बघायला. मी म्हटलं मी पण येणार. का म्हणून विचारलं. खरं ते सांगितलं. वाटलं हसतील. हसले नाहीत. "चल," म्हणाले.

२७ मार्च, वाशी

पेट्रोल नाही म्हणून सर्व्हिस मोटारी आता कोळशाच्या धुरावर चालतात. माझा विश्वास नव्हता, आज बसले. मागं भलीमोठी टाकी, तिच्यात भट्टी, आणि त्या धुरावर चाळीस माणसं पळतात! चढ आला की मात्र खाली उतरून ढकलायचं. ह्यांचं धोतर काळं झालं.

वाशीच्या बाजारात दुपारभर विचारत फिरलो. सायकलवाला, लोहार, बैलगाडीची चाकं करणारा सुतार. सगळे माना हलवतात. ह्यांची करडई राहिली बाजूला. शेवटी मिरच्या विकणाऱ्या एका बाईजवळ मी दमून टेकले. तिनं विचारलं, काय हुडकताय? म्हटलं, तारांचं चाक, रबराचं, मोटारीचं.

बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आवं, आमच्या वाडीत त्येच्यात लेकरं निजत्यात!"

२८ मार्च

हे कसं लिहू?

ओढ्याकाठी दहा-बारा घरांची वाडी. ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याचं घर. आत अंधारच, बाहेरच्या उन्हातून गेल्यावर आधी काही दिसलं नाही. मग तुळईवरून खाली आलेले दोर दिसले. आणि दोरांना आडवं टांगलेलं — चाक. तारांवर गोधडी अंथरलेली. कडेनं रबराचा गुबगुबीत कठडा, हातांनी नि तेलानं काळा चकचकीत झालेला. मधे एक तान्हं बाळ मुठी वळून गाढ झोपलेलं.

  विलायतेत कुठल्या साहेबानं हे चाक शर्यतीसाठी घडवलं असेल, आणि ते इथं, धुरानं काळ्या झालेल्या तुळईखाली, आवाज न करता झुलतंय!

बाळाची आई सत्यभामा लाजून उभी. बोलली ती तिची सासू, कमलबाई. "वढ्यानं दिलं आमास्नी. श्रावणातला पूर हुता. सकाळी बघतोय तर बाभळीत आडकल्यालं. काय हाय त्ये कुणालाच ठावं न्हवतं. नुसतं गरगरीत, देखणं. माझी सत्यभामा नवी नवरी हुती तवा. पयलं लेकरू झालं, ह्येच्यात घातलं. ह्ये पाचवं."

मी विचारलं, किती वर्षं झाली? तिनं बोटं दुमडली, नातवंडं मोजली, दोन दुष्काळ मोजले. उत्तर नीट येईना. पण श्रावण म्हणाली. पूर म्हणाली.

मला तिथंच रडू कोसळलं. त्या दोघी घाबरल्या, पाणी दिलं. मग मी सगळं सांगितलं — अप्पा, जागीरदार, चाकवाल्याचं घर.

कमलबाई ऐकून घेऊन म्हणाली, "न्या की मग. तुमच्या बापाचं हाय." ह्यांनी लगेच पैशाला हात घातला, तर म्हातारीनं हात धरला. "पैसं नगं. पर पाळणा रिकामा करून देत न्हाईत. दुसरा पाळणा आणा. लेकरू त्येच्यात निजू द्या. मग ह्यो काडू."

३० मार्च

सुतार ईरण्णाला पाळणा सांगितला. सागवानी, चार खांब, वर दोन पोपट. ह्यांनी भाव केला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा!

मामंजींना काही सांगितलं नाही. पाळणा कुणासाठी, म्हणून अत्याबाई माझ्या पोटाकडे बघतायत. धाकटा आत्ताशी चालायला लागलाय, म्हटलं, जरा दम धरा.

४ एप्रिल, मंगळवार

पाळणा सर्व्हिस मोटारीच्या टपावर बांधून वाशीला नेला. तिथून बैलगाडीनं वाडीत. अख्खी वाडी बघायला आली. पोपटांना हात लावून लावून बघत होती. ज्ञानोबानं दोर बांधले, बाळाला आत ठेवलं.

बाळानं असा टाहो फोडला! झोका दिला, गाणं म्हटलं, ह्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या. काही उपयोग नाही. सगळी लेकरं गोल चाकात झोपलेली, ह्याला चौकोनी पाळणा सोसेना. आणि बाळ निजल्याशिवाय कमलबाई चाकाला हात लावू देईना. "तसंच ठरलंय," म्हणाली. दुपार गेली. आमची परतीची मोटार पण गेली. सोलापूर पालथं घालून जे मिळालं नाही, ते डोळ्यांसमोर टांगलेलं, आणि आम्ही एका तान्ह्या बाळाच्या झोपेवर अडून बसलेलो! हे ओसरीला बसून हात जोडून पुटपुटत होते. बहुधा बाळालाच विनवत होते.

शेवटी सत्यभामानं चाकातली जुनी गोधडी काढून पाळण्यात घातली, कडेनं गोल दुमडली. बाळानं वास घेतला, दोन हुंदके दिले आणि झोपलं. कुणी श्वास घेत नव्हतं.

मग ज्ञानोबानं दोर सोडले. तीन दोर अंबाडीचे होते. चौथ्या बाजूला चामड्याचा पट्टा होता. बकलासकट!

"ह्यो त्येच्यासंगंच आलता," ज्ञानोबा म्हणाला. "मजबूत हाय म्हून ठिवला. दर दिवाळीला त्याल पाजतो."

सत्यभामानं चाकाला हळदकुंकू लावलं, खालच्या तारांना हात लावून नमस्कार केला. मला म्हणाली, "जपा बरं का त्येला." जशी लेक सासरी देतात.

५ एप्रिल

रात्री वाशीत मुक्काम, पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं घरी. मग उजेडातच, अंगणात, आमच्या मोटारीच्या मागं. मामंजी ओट्यावर बसून बघत होते. मी पदर नीट घेतला आणि मोटारीच्या लोखंडी हातावरून सोडलेला पट्ट्याचा तुकडा एका हातात धरला, वाडीतून आणलेला पट्टा दुसऱ्या हातात.

जुळले. नुसते जुळले नाहीत — इकडं जिथं जिभेसारखं टोक बाहेर आलंय तिथं तिकडं खोबण आहे. वाडीतल्या तुकड्याची सगळी कड विस्कटलेली, तंतू तंतू सुटलेले. मोटारीवरचा तुकडा उन्हापावसानं गुळगुळीत झालाय, पण वाडीतला दर दिवाळीला तेल पीत आलाय. सुरीनं कापलं तर असं होतं का? आंधळ्यालाही कळेल.

मामंजी उठून आले. चष्मा लावला. दोन्ही तुकडे हातात घेऊन किती वेळ बघत होते!  आत गेले, नारळ आणला आणि चाकापुढं स्वतः फोडला.

सायकलवाल्यानं ट्यूबला जोड मारून हवा भरली. रबर कडक झालंय, एका अंगाला भेगा आहेत. "लांब पळवू नका, पर गावाला पोचवंल," म्हणाला. टायर बसलाच तर गावाला पोचवणं, स्टेपनीचं काम तेवढंच. लोखंडी हातावर चढवलं तर असं बसलं, जसं कालच काढलं होतं.

जेवताना मामंजी ताटाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, जळकोटला दोघं जावा मोटारनं. व्याह्यास्नी माजी शरणार्थी सांगा."



७ एप्रिल, जळकोट

कुपनावरचं महिन्याचं पेट्रोल ह्या एका फेरीला घातलं. मोटारीचा आवाज अप्पांनी लांबूनच ओळखला. काठी न घेता दारात येऊन उभे होते. शरणार्थी सांगितली. चाक दाखवलं, ओढा, बाभळ, पाळणा, सगळं सांगितलं. पट्ट्याचे दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले. अप्पांनी बोटांनी टोकं चाचपली, जुळवली. सोडली. परत जुळवली.

"समदेच म्हणायले," अप्पा म्हणाले, "म्हून मला बी वाटाया लागलं हुतं, म्याच इकलं आसंल."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "उमा, म्हंजी म्या न्हाय?"

"न्हाय अप्पा. तुमी न्हाय."