कापून जोडलेलं पत्र

उमरगा, जानेवारी १९६४

चिरंजीव बाबूरावास आईचा आशीर्वाद. आई म्हणजे कोण, ते आठवत नसेल तर सूनबाईला विचार. तिची कंबर आता कशी हाय?

आमी आजी-नात ठीक आहोत. तुझ्या लेकीच्या, शामलाच्या हायस्कुलात एक मास्तर पोरांना सिनेमा काढायला शिकवतात. पोरांनी मलाच धरलं. मला भूक लागलेली, म्हणून आधी भाकरी खाताना टिपलं, मग थापताना. पडद्यावर बघते तर आधी थापते, मग खाते! शामला म्हणाली, "आज्जी, फीत कापून जोडली."

तवापासून मला शंका येते. तुझं पत्र तीच वाचून दाखवते. परवा वाचलं, "शामलाला सिनेमा शिकू द्या, लगीन पुढं बघू." पण मधी थांबली, कागद उलटला, मग घाईनं वाचलं. तू इतका शहाणा कधी झालास? म्हणून हे शेजारच्या सायराबीकडून लिहून घेतलंय.

तसं लिहिलं नसशील तर आता लिही. पोर लई हुशार हाय, तिला खोटी पाडू नको.

मला उत्तर मात्र डब्यातून दे. होकार असेल तर शेंगदाण्याची चटणी, नकार असेल तर कारळाची. चटणी कुणाला कापून जोडता येत न्हाय. कारळाची माझ्या घशाखाली उतरत न्हाय, एवढं ध्यानात ठेव आणि डबा पाठव.