बाहुल्याखालून गेलेली सात वाहनं

एल आल्तो, बुधवार

आदरणीय कंपाद्रे नेमेसिओ यांस,

इलारिओनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तिकडच्या उबेत तुमचे गुडघे नरमले असतील, कॉफीला फुलं धरली असतील आणि तुमची लेक, माझी धर्मकन्या रुफिना (बाप्तिस्म्याच्या वेळी तिनं माझ्या कोटाचं काय केलं होतं ते मी विसरलेलो नाही) सुखात असेल, अशी आशा करतो. आमचं बरं आहे. थंडी एवढी की नळाचं पाणी दहाच्या आधी जागं होत नाही. मागच्या पत्रात तुम्ही ‘मिनीबस कशी आहे’ असं विचारलंत. त्याकडे येतोच, पण आधी गल्लीचं सांगायला हवं.

एप्रिलपासून आपल्या गल्लीतून सात वाहनं गेली. खरं तर एप्रिलच्या सुरुवातीलाच आम्ही चौकातल्या खांबावर पेंढ्याचा बाहुला टांगला होता, गळ्यात पाटी: ‘चोर सापडला तर जाळू’. (कल्पना माझीच. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.) आता सगळ्यांचा संशय युसेबिओवर आहे. हा पंक्चर काढणारा, मार्चात भाड्यानं राहायला आला, अबोल आहे आणि त्याला कुठल्याही गाडीचं चाक दोन मिनिटांत काढता येतं, एवढं पुरलं. गल्लीच्या अध्यक्षा दोन्या प्रिमितिवा बैठकीत म्हणाल्या, “मार्चात हा आला, एप्रिलपासून गाड्या जायला लागल्या. आता काय चोरानं चिठ्ठी लिहून द्यायची?” ठरलं असं की, येत्या रविवारी संध्याकाळी त्याला त्याच खांबाला बांधायचं आणि पुढचं बांधल्यावर ठरवायचं. कंपाद्रे, एकदा बांधल्यावर कुणी काही ठरवत नाही, हे तुम्ही आणि मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

मी चार यत्ता शिकलेला माणूस, पण बत्तीस वर्षं मिनीबस चालवल्यावर कुठल्या वळणावर किती वाजता किती माणसं उभी असतात ते अंगात मुरतं. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गल्ली काढली आणि गेलेल्या प्रत्येक वाहनाच्या जागी एकेक सुकवलेला काळा बटाटा ठेवला. मग घरोघरी फिरलो. ‘कुणी नेली’ हे कुणालाच विचारलं नाही (त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं). कुठे उभी होती, कुठला वार, किती वाजले होते, कुलूप होतं का, एवढंच विचारलं. मधेच एकदा बटाटे सहाच भरले. मी दिवसभर डोकं खाजवत बसलो. संध्याकाळी सातवा सूपमध्ये सापडला. माझी बायको जुस्तिना म्हणाली, “चोर शोधताय ना? हा घ्या, शिजवून दिलाय!”

पण कॅलेंडरनं जे दाखवलं त्यानं माझी झोप उडाली. सातही वाहनं गुरुवारी किंवा रविवारी, बाजाराच्या दिवशीच गेली, दहा ते एकच्या दरम्यान, म्हणजे अख्खी गल्ली बाजारात असते तेव्हा. त्या वेळी युसेबिओपुढे बाजारात गिऱ्हाइकांची रांग असते, हे त्याच्यावर बोट दाखवणाऱ्यांनीच रांगेत उभं राहून पाहिलंय. आणि सातही बटाटे बाहुल्यापासून तीस पावलांच्या आत! बाहुला आहे म्हणून जो तो गाडी तिथेच लावायचा, आणि बाहुला आहे म्हणून साखळी घालायची तसदी कुणी घेत नव्हता. मार्चात युसेबिओ आला हे खरं. पण एप्रिलमध्ये बाहुला आला, आणि त्याला मी आणलं.

मग मी बाहुला उतरवायला लावला. आता बाजाराच्या दिवशी गाड्या पावाच्या भट्टीसमोर उभ्या राहतात, कारण तिथे कायम बायकांची रांग असते आणि त्यांच्या नजरेतून माशीही सुटत नाही. शिवाय प्रत्येक स्टिअरिंगला साखळी. दोन आठवडे झाले, सात बटाट्यांचे आठ झालेले नाहीत. तर दोन्या प्रिमितिवा म्हणतात, “बघा, आपण नजर ठेवली तसा चोर घाबरला!” कॅलेंडर दाखवलं तर म्हणाल्या, “इलारिओन, बटाटे साक्ष देत नसतात.”

सगळ्यांना नमस्कार, रुफिनाला आशीर्वाद.

तुमचा,
इलारिओन तिंताया

ता. क. मिनीबसचं राहिलंच. सातवा बटाटा तुमचा आहे. तुम्ही माझ्या भरवशावर ठेवून गेलात, आणि मी ती बाहुल्याच्या पायाशी लावून बटाटे-कांदे आणायला गेलो. साखळी मात्र सुखरूप आहे, घरात खुंटीला, अगदी नवीकोरी.

ता. क. २. बाहुल्याच्या अंगावर तुमचाच जुना तपकिरी कोट होता. तो धुऊन ठेवलाय.

ता. क. ३. बैठकीत शेवटचा शब्द ज्याची गाडी गेली त्याचा असतो. बाकी सहा जण युसेबिओचंच नाव घेणार. तेव्हा गुडघे कितीही दुखोत, शनिवारच्या बसनं निघा आणि चूक कुणाची ते रविवारी, युसेबिओला बांधायच्या आधी, सगळ्यांसमोर ठणकावून सांगा. शिव्या द्यायच्या त्या मला द्या, मोठ्यानं, भट्टीपर्यंत ऐकू जातील अशा. आयत्या वेळी शब्द सुचले नाहीत तर जुस्तिना शेजारीच उभी असेल, ती पुरवील.