आवाजाचा ड्रायव्हर

७ मार्च १९९९, रविवार

सकाळी कपडे धुतले. खिचडी केली. दुपारी रंगनाथदादा आले आणि प्रवीणचा लॅपटॉप परत देऊन गेले. प्रवीण गेल्यावर मी राजूरला माहेरी होते, तेव्हा त्यांनी तो नेला होता. म्हणाले, "चालू होत नव्हता, दुरुस्त करून आणलाय." यांना कोणी सांगितलं होतं? विचारलं नाही. मोठे दीर. चहा दिला.

ते गेल्यावर दार लोटून घेतलं. लॅपटॉप चालू केला. पडदा उजळला, विंडोज उघडलं — आणि काहीच नाही! गप्प.

दिवाळीत प्रवीणने त्यात स्वतःचा आवाज भरला होता. विंडोज उघडताना जे संगीत वाजतं, त्याच्या जागी. चालू केलं की लॅपटॉपमधून तो बोलायचा — "आलो गं!" दारात चपला काढता काढता म्हणायचा तसंच. मी तेव्हा म्हणाले होते, काय पोरकटपणा हा!

त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. लग्नात व्हिडिओ काढला नव्हता. फोटो आहेत. फोटोंचं काय करू?

माहेरी सगळे म्हणत होते, रड, मोकळी हो. मी तिथे एकच गोष्ट धरून बसले होते — घरी गेल्यावर ते ऐकायचं.

तो असताना कधी नावाने हाक मारली नाही. आता वहीत तरी लिहिते.

८ मार्च

ऑफिसात महिला दिन. सगळ्या बायकांना साहेबांच्या हस्ते गुलाबाचं फूल. माझ्यापाशी आल्यावर साहेबांचा हात थांबला. मग फूल टेबलावर ठेवलं. हातात नाही. पाटबंधारे खात्यातले इंजिनियर आहेत, तरीही.

फूल तिथेच राहू दिलं.

१० मार्च

ऑफिस सुटल्यावर दिल्ली गेटला सूर्यभान सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. प्रवीण साखर कारखान्यांवर वजनकाट्यांचे कॉम्प्युटर बसवायचा, तेव्हापासूनची दोघांची ओळख.

"बोला वहिनी, काय त्रास देतोय?"

"आवाज येत नाही."

"एवढंच?"

एवढंच म्हणाले. कुठला आवाज, ते सांगितलं नाही. परक्या माणसासमोर कसं सांगणार.

सरांनी आतली एक यादी उघडून दाखवली. यंत्राच्या भागांची नावं, आणि तीन-चार नावांपुढे पिवळं प्रश्नचिन्ह. प्रत्येक भाग चालवायला एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आवाजाचा नाही. मोडेमचाही नाही. "सोबत फ्लॉप्या असतील बघा, प्रवीणच्या बॅगेत. त्या आणा, पाच मिनिटांचं काम!"

पाच मिनिटं! चालत घरी आले, रिक्षासुद्धा केली नाही. इतकं बरं वाटलं.

११ मार्च

सासूबाईंना विचारलं, "आई, यांच्या बॅगेत चपट्या चौकोनी डब्या होत्या, काळ्या. कुठे आहेत?"

"हायेत की. धुऊन ठिवल्यात."

धुऊन!

माणूस गेला की त्याचं सगळं धुवायचं, ही यांची रीत. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बौद्धाचार्यांनी माईकवर सांगितलं, सुतक-विटाळ आपण सोडलंय. सासूबाईंनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी गोधड्या, शर्ट, पाकीट, घड्याळाचा पट्टा — सगळं पिंपात! बॅगही. फ्लॉप्याही. मग गच्चीवर उन्हात वाळवल्या आणि साखरेच्या पिशवीत बांधून फडताळात ठेवल्या.

"साबन न्हाई लावला. नुसत्या पान्यातनं काढल्या."

उपकारच केले!

मी पिशवी घेऊन आत आले.  फ्लॉप्या उन्हाने वाकल्या होत्या. त्यांवर प्रवीणने शाईने लिहिलेली नावं निळी निळी पसरली होती.

१५ मार्च

सरांकडे. एकही फ्लॉपी चालत नाही. एक तर आतच अडकली, चिमट्याने काढावी लागली.

"वहिनी, या धुतल्या कोणी?" सर हसायला लागले, माझं तोंड पाहून थांबले.

आता ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा. पण इंटरनेटला मोडेम लागतो, आणि मोडेमचा ड्रायव्हरही धुतलेल्यांतच! सरांच्या क्लासचा फोन बंद आहे, बाहेर रस्ता खोदून ठेवलाय. "लाइन मेलीय हो आमची," म्हणाले आणि जीभ चावली. मेली म्हटलेलं मला चालतं. लोकांना चालत नाही.

सरांकडे बाहेरून जोडायचा एक मोडेम आहे, जेवणाच्या डब्याएवढा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही म्हणे. तो द्यायला तयार आहेत, स्वतःचा पासवर्डही. "मी घरी येऊन जोडून देतो." नको म्हणाले. शेजारचे खिडकीतच बसलेले असतात. मग त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं.

२१ मार्च, रविवार

जोडला. फोनची एक वायर आतल्या खोलीतही आहे, तिलाच. पुण्याचा नंबर लावायचा, एसटीडी पडते. बटण दाबलं. पडद्यावर आलं — नो डायल टोन.

पुढच्या खोलीतला रिसीव्हर कानाला लावला. टोन चांगला येतोय! वायर काढून घातली. पुन्हा तेच. दुपारपर्यंत तेच. मला ऐकू येतं आणि त्याला येत नाही.

सासूबाई बाहेरून — "जेवती का न्हाई? त्या डबड्याम्होरं काय बसलीस सारकी?"

डबडं! त्यांच्या मुलाने पै-पै साठवून घेतलं होतं ते, पुण्याच्या माणसाकडून जुनं.

२३ मार्च

सर म्हणाले, बरोबर आहे. आपल्याकडच्या फोनचा टोन त्या मोडेमला ओळखता येत नाही. तो त्याच्या देशातल्या टोनची वाट बघत बसतो. एका चौकोनात बरोबरची खूण असते, ती काढायची. मग तो वाट न बघता सरळ नंबर फिरवतो.

मी नुसतं दात दाखवून हसले आणि निघाले. त्यांची चूक नाही. पण सगळ्यांनाच सगळं इतकं सोपं कसं असतं?

२८ मार्च, रविवार

खूण काढली. लागला! आधी शिट्ट्या, मग खरखर, मग शांत. सरांनी लिहून दिलेल्या पत्त्यावरचं पान उघडलं. आवाजाचा ड्रायव्हर तिथे आहे. दोन एमबी. पट्टी भरायला लागली. मुंगीच्या चालीने.

अर्ध्यावर गेली आणि तुटली. बाहेर आले तर सासूबाई पुढच्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभ्या.

"आई! कशाला उचललात?"

"कोन बोलतंय का बघितलं."

तुटलं की पहिल्यापासून.

४ एप्रिल, रविवार

रंगनाथदादा सकाळीच आले. "जयमाला, फोनचं बिल किती येईल, हिशोब आहे का काही?" बिल मी भरते. माझ्या पगारातून. म्हणाले नाही. बोलताना ते लॅपटॉपकडे बघतच नव्हते. "सोड ना त्याचा नाद. विकून टाकू."

विकून टाकू! कपडे वाटले, बॅग एका ऊसतोड कामगाराला दिली, आता हे.

दुपारी पुन्हा लावला. आधी बजावून सांगितलं, आई, फोनला हात लावू नका. "बरं." आणि पट्टी पाऊण भरली तेव्हा पुन्हा उचलला! या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने बोलले — "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?"

त्यांनी रिसीव्हर पदराने पुसून खाली ठेवला.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

११ एप्रिल

लाइन सारखी व्यस्त. नाही झालं.

१४ एप्रिल

जयंती. गल्लीत पहाटेपासून भोंगे. मिरवणूक दारावरून गेली, भिंती हादरत होत्या. तो दरवर्षी पुढे असायचा, घसा बसवून घरी यायचा. पोरं दारात थांबली, "जय भीम, वहिनी!" म्हणाली. मीही म्हणाले.

एवढा आवाज सगळीकडे. आणि जो हवा तो नाही.

१८ एप्रिल, रविवार

पुढच्या खोलीतल्या फोनची वायरच काढली आणि फोन कपाटात टाकला. सासूबाईंनी पाहिलं. पाहू दे.

उतरला! पूर्ण! कागदाप्रमाणे एकेक पायरी केली. यादीत आवाजापुढचं पिवळं चिन्ह गेलं. बंद करून चालू करू का, असं विचारलं. केस नीट केले — कशाला, कोणास ठाऊक. बटण दाबलं.

आवाज आला. संगीत. विंडोजचं.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच संगीत. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर मोजलं नाही.

१९ एप्रिल

सर म्हणाले, "आला ना आवाज? मग?"

मग सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

सरांनी बरंच शोधलं. नंतर विंडोजची तारीख दाखवली — फेब्रुवारी. "वहिनी, हे सगळं पुसून नव्याने टाकलंय कोणीतरी. म्हणून तर ड्रायव्हर गेले. मला वाटलं तुम्हीच करून घेतलंत. आधी बोलला असता तर मी..."

आधी बोलले असते तरी फेब्रुवारी गेलाच होता. फेब्रुवारीत मी राजूरला होते.

२० एप्रिल

ऑफिसातून परस्पर दादांच्या घरी. जाऊबाईंनी पाणी आणलं, घेतलं नाही.

"दादा, लॅपटॉप पुसला कोणी?"

"मी पुसून घेतला."

"चालू होत नव्हता म्हणालात."

"म्हणालो."

"त्यात काय होतं माहीत होतं तुम्हाला?"

खाली बघत म्हणाले, "होतं."

"मग?"

सबब नाही, माफी नाही. सख्खा भाऊ! एवढं थंडपणे माणूस दुसऱ्यांदा मारता येतो. मी म्हणाले, "यापुढे माझ्या घरी येऊ नका." जाऊबाई रडायला लागल्या. मी रडले नाही.

२५ एप्रिल, रविवार

मोडेम सरांना परत दिला. लॅपटॉप कपाटात.

सासूबाईंशी कामापुरतं बोलते. त्या तेवढंही बोलत नाहीत.

३० एप्रिल, बुद्ध पौर्णिमा

सासूबाई विहारात निघाल्या. पांढरं लुगडं नेसून. तांब्यातलं पाणी प्यायल्या, दारापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे न बघता बोलल्या —

"रंगनाथला बोल लावू नगं. मी काढाय लावलं. तू राजूरला हुतीस. त्यानं ते उघडलं अन् आतून आला — आलो गं! मी चुलीम्होरनं उठले, तांब्या भरून भाईर आले. आल्या आल्या पानी लागायचं त्याला. रंगनाथ माज्याकडं बघतोय अन् मी दाराकडं... मीच म्हनले, काढ ते, मला न्हाई सोसायचं. तुला सांगू नगं म्हनून शपत घातली. मागनं लई पस्तावले. तू फोनला जोडायचीस, त्या शिट्ट्या वाजायच्या, मला वाटायचं आता बोलंल. म्हून उचलायचे."

गेल्या. 

तो फिरतीवरून दुपारचा यायचा. दुपारी मी ऑफिसात असायचे. घरात कोण असायचं, हे कधी मनातच आलं नाही.

कपाटातला फोन काढून पुढच्या खोलीत जोडला. तांब्या घासला. भरून ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं.